सुंठीचा माग : निर्यात, अन्नसुरक्षा आणि आपली नोंदवही

आयुर्वेदीय कल्पांना परदेशात मागणी आहे, ही आपणां सर्वांस समाधानाची बाब आहे. मात्र परक्या बंदरावर परीक्षा होते ती परंपरेची नव्हे, मालाची. अनेक देशांत आपले चूर्ण औषध म्हणून उतरतच नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार ते आहारपूरक म्हणून विकले जाते व त्यास अन्नसुरक्षेचे नियम लागू होतात. निर्यातीचा विचार करणाऱ्या फार्मसीने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

इशारा आणि उपाय

डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. त्यानंतर केंद्र शासनाने 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांसाठी जडधातूंची तपासणी बंधनकारक केली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम या त्यासाठीच्या मर्यादा होत.

येथे एक साधे गणित मांडतो. 10 पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅम. रुग्णाने दिवसाला 3 ग्रॅम चूर्ण घेतल्यास 30 मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाऊ शकते. कॅलिफोर्नियात 1986 च्या कायद्याखाली शिशासाठी ठरविलेली मर्यादा दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. त्यापुढे ग्राहकास इशारा द्यावा लागतो. येथे उत्तीर्ण झालेले चूर्ण तेथे साठपटीने मर्यादा ओलांडू शकते. नव्या बाजारपेठेत जाताना तेथील नियम आपल्या मात्रेशी ताडून पाहावा, तो यासाठी.

अहवालाच्या पलीकडे

प्रयोगशाळेचा अहवाल शिसे किती आहे ते सांगतो. ते कोठून आले हे सांगत नाही. आमच्या देवगाव रंगारीच्या कन्नड तालुक्यात आणि शेजारच्या खुलताबाद, फुलंब्री तालुक्यांत आले पिकते. या आल्याची सुंठ फार्मसीने वापरावयाची ठरविली, तर कंदकुजीसाठी कोणत्या औषधाची आळवणी झाली, कंद कोणत्या पाण्याने धुतले, कोठे वाळविले, चुना लावला काय, हे सर्व प्रश्न उपस्थित होतात. दहा शेतांतील माल व्यापाऱ्याकडे एका ढिगात मिसळला, की यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. मग एका पोत्याच्या दोषापायी संपूर्ण साठा परत घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदार या वाटेने आपल्या आधी गेले आहेत. अपेडाने 2006 मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग कृषी खात्याकडे नोंदविली जाते, नमुने तपासले जातात आणि युरोपातील पेटीवरून नोंदणीकृत बागेपर्यंत माग काढता येतो. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषांमुळे आपल्या द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साईड आढळल्याचे जाहीर केले. बोध असा, की प्रयोगशाळेस जे शोधावयास सांगावे तेच ती शोधते; आणि काय शोधावे, हे मालाची नोंदच सांगते.

नोंदवहीत काय असावे

कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटला आल्या दिवशीच क्रमांक द्यावा. शेतकरी वा पुरवठादार, गाव, काढणीचा महिना, फवारणी, धुणे, वाळवण, कीडनाशक धुरी यांची नोंद ठेवावी. कोणता लॉट कोणत्या बॅचमध्ये किती गेला आणि ती बॅच कोणास विकली, हेही लिहावे. दळण्याच्या यंत्राची नोंद विसरू नये. रसकल्प आणि चूर्ण एकाच यंत्रावर होत असल्यास निर्दोष वनस्पतीतही पारा उतरू शकतो. प्रत्येक बॅचचा नमुना मोहोरबंद करून जपावा.

हा खटाटोप परकीयांसाठी आहे, असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, द्रव्याचे वीर्य देश, काल, गुण आणि भाजन यांच्या संपन्नतेवर अवलंबून असल्याचे प्रतिपादन आहे. द्रव्य कोठले, केव्हा काढलेले, कसे आणि कशात साठविलेले, हे चारही प्रश्न आजच्या ट्रेसेबिलिटीत जसेच्या तसे आहेत. शिशाने गर्भिणीस व बालकास होणारी हानी बॉस्टनमध्ये एक आणि कन्नडमध्ये दुसरी, अशी नसते. त्यामुळे निर्यातीसाठी एक वही आणि गावच्या रुग्णासाठी दुसरी, असा भेद आपण करू नये.

आमची वैद्यबंधूंस व फार्मसीचालकांस एक सूचना आहे. आपल्या कपाटातील कोणतीही एक डबी उचलावी आणि तिच्या बॅच क्रमांकावरून एका दिवसात मागे शेतापर्यंत व पुढे सर्व खरेदीदारांपर्यंत पोहोचता येते का, ते पाहावे. माग जेथे तुटेल, तेथूनच कामास आरंभ करावा.