पुण्यातील वृक्षसंग्रह आणि टेकड्यांवरील वृक्षारोपण

निरनिराळ्या जातींची झाडे अभ्यासासाठी एकत्र लावून जपलेल्या उद्यानास वृक्षसंग्रह म्हणतात. पुण्यात १८७३ मध्ये स्थापन झालेले गणेशखिंड उद्यान हा असा एक जुना संग्रह असून, जैवविविधता कायदा, २००२ अन्वये राज्य शासनाने त्यास जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले आहे. पुण्यातीलच एम्प्रेस उद्यानातील गारंबीचा महावेलही प्रसिद्ध आहे. शहरातील टेकड्यांवर मात्र माती उथळ व पाणी दुर्मीळ असल्याने, स्वयंसेवक उताराला आडवे समतल चर खणून पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात, पावसाळ्याच्या आरंभी स्थानिक जातींची रोपे लावतात आणि पुढील उन्हाळ्यांत त्यांना पाणी घालतात. लावलेल्या रोपांपेक्षा जगलेल्या झाडांची संख्या हाच वृक्षारोपणाचा खरा निकष होय.