दिसत नाही म्हणजे नाही काय?

गेल्या उन्हाळी सुट्टीच्या आधीची गोष्ट. दुपारचे तास संपले होते, विभागात आलेला चहा निवून गेला होता, आणि आमचे एक तरुण सहकारी संगणकासमोर कपाळाला हात लावून बसले होते.

“मॅडम, आपले शब्द गेले!”

“किती?”

“जवळजवळ सगळेच. काल अकराशेच्या वर होते, आज एकसष्ट दिसताहेत.”

छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. शब्द जाणे ही आमच्या विभागात चोरीहून मोठी घटना. कारण हे शब्द कोशातून उतरवलेले नव्हते. तीन वर्षे आमचे विद्यार्थी पैठण, फुलंब्री, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांतल्या आपापल्या गावी सुट्टीत जातात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शेतीचे व घरकामाचे जुने शब्द टिपून आणतात. मोट थांबली तसे थारोळे, नाडा, सोंदूर हे शब्द थांबले. मळणीयंत्र आले आणि खळ्यातला तिवडा गेला. हे शब्द बोलणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. नोंद हरवली तर दुसऱ्यांदा विचारायला ते माणूस असेलच, असा भरवसा नाही.

पूर्वी हे काम आम्ही कागदी चिठ्ठ्यांवर करीत असू. पण चिठ्ठ्यांची एक अडचण असते; त्या एका वेळी एकाच क्रमाने लावता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झाले. तिथल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या आसपास जाते, आणि त्या शब्दांच्या वर्णक्रमाने लावलेल्या आहेत. शब्द शोधायला हा क्रम उत्तम. पण एखाद्या ग्रंथातून आलेल्या तेवढ्याच चिठ्ठ्या वेगळ्या पाहायच्या म्हटल्या, तर किती खण उघडावे लागतील! ग्रंथालयांनी यावर तोडगा काढला होता. एका पुस्तकाची तीन कार्डे करायची: एक लेखकाचे, एक शीर्षकाचे, एक विषयाचे. पुस्तक एकच, त्याची जागा एकच, पण तिथे पोचण्याच्या वाटा तीन. मात्र लिहिण्याचे कष्टही तिप्पट, आणि पुस्तक बाद झाले की तिन्ही कार्डे आठवणीने काढावी लागत.

आयबीएममधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्राच्या पोटात कशी ठेवली आहे याची फिकीर वापरणाऱ्याला पडू नये, असा त्याचा रोख होता. माहिती एकदाच नोंदवावी, आणि ज्याला जशी हवी तशी त्याने मागून घ्यावी. नोशन, एअरटेबल अशा नावांची जी अ‍ॅप्स हल्ली कचेऱ्यांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून दिसतात, त्यांनी हीच सोय तुमच्याआमच्या हाती आणून दिली. पाच-पन्नास माणसे आपापल्या फोनवरून एकाच नोंदवहीत लिहितात. आमच्या वहीत प्रत्येक शब्दाला एक ओळ. आणि रकाने अर्थाचे, गावाचे, व्यवसायाचे, सांगणाऱ्याच्या वयाचे, टिपणाऱ्या विद्यार्थ्याचे, तारखेचे. याच ओळी कधी तक्त्यात पाहाव्यात, कधी व्यवसायवार गटांत, कधी दिनदर्शिकेवर. अशा प्रत्येक मांडणीला तिथे ‘व्ह्यू’ म्हणतात. मराठीचा तास घेणारी बाई म्हणून मी त्याला ‘दृश्य’ म्हणते.

दृश्य म्हणजे काय हे वर्गात समजावताना मला फार दूर जावे लागत नाही. आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. सहलीला गेलो की कुणी तरी हमखास विचारते, “मॅडम, एक नंबरचं लेणं सगळ्यात जुनं ना?” मुळीच नाही. वाघूर नदीच्या वळणावर लेणी जशी ओळीने लागतात तसे त्यांना क्रमांक दिले आहेत. पहिले लेणे पाचव्या शतकातले. दहावे इसवी सनापूर्वीचे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला पलीकडच्या डोंगरावरून जे दिसले, ते हेच दहावे. म्हणजे क्रमांक हा पत्ता आहे, वय नव्हे. आता कागदावर वयाप्रमाणे यादी करा: ९, १०, १२, १३ आणि १५ अ ही आधी येतील. फक्त चैत्यगृहे निवडा: ९, १०, १९, २६ आणि २९ उरतील. पहिल्या कृतीला क्रम लावणे म्हणावे, दुसरीला चाळणी लावणे. वेरूळला तर क्रमांकांनीच गट पाडून ठेवले आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. याद्या कितीही करा, डोंगरातले एकही लेणे जागचे हलत नाही. चैत्यगृहांच्या यादीत पहिले लेणे नाही, म्हणून कुणी ते पडले असे म्हणत नाही.

आमचे सहकारी मात्र नेमके तेच म्हणत होते! झाले होते एवढेच: विभागातल्या एका बाईंना खळ्याच्या शब्दांचे टिपण करायचे होते. त्यांनी ‘सर्व शब्द’ या सामाईक दृश्याला ‘व्यवसाय: खळे’ अशी चाळणी लावली, ‘सर्वांसाठी जतन करा’ हे बटण दाबले आणि घरी गेल्या. चाळणी काढताच अकराशे शब्द परत दिसू लागले. आम्ही हसलो आणि निवलेला चहा तसाच पिऊन टाकला.

त्या दिवशी हसलो खरे, पण धडा अर्धाच शिकलो होतो. जे दिसत नाही ते गेलेले नसते, एवढे सगळ्यांना कळले. आणि त्यातून एका सहकाऱ्यांनी भलताच निष्कर्ष काढला. माझ्या दृश्यात मी काहीही केले तरी ते माझ्यापुरतेच, असे त्यांना वाटले. जुलैमध्ये त्यांनी ‘माझी साफसफाई’ नावाचे दृश्य केले, वर्णक्रम लावला आणि दुबार शब्द काढायला घेतले. ‘वैरण’ दोनदा आला होता. गुरांचा चारा या अर्थाची नोंद त्यांनी ठेवली, दुसरी पुसली. आपल्या यादीतून एक ओळ कमी केली, अशी त्यांची समजूत. पण चाळणी ही दृश्याची असते आणि ओळ ही वहीची. ओळ कुठल्याही दृश्यातून पुसा, ती सगळीकडून जाते.

ऑगस्टमध्ये सिल्लोडकडचा एक विद्यार्थी विभागात आला. त्याची आजी नुकतीच वारली होती. दाराशीच उभा राहून म्हणाला, “मॅडम, आजीचा शब्द दाखवता का?”

शब्द मला आठवत होता. जात्यात वरून जी धान्याची मूठ घालतात, तिलाही वैरणच म्हणतात. “जात्यालाबी पोट हाय, लेकरा, वैरण घातल्याबिगर ते चालंल का?” हे आजींचे वाक्य त्याने तसेच्या तसे नोंदीत उतरवले होते. मी एकेक दृश्य उघडले. चाळण्या काढल्या, गावाचे नाव घालून पाहिले. नोंद कुठेच नव्हती.

शेवटी ज्यांनी साफसफाई केली होती, त्यांनाच काय झाले असावे ते उमगले. आमच्या अ‍ॅपात पुसलेल्या ओळी कचरापेटीत तीस दिवस राहतात, मग कायमच्या जातात. तो सत्ताविसावा दिवस होता. नोंद परत आणली. मुलगा ती दोनदा वाचून गेला आणि काही न बोलता त्याने फोनवर तिचा फोटो घेतला. आम्हा प्राध्यापकांपैकी कुणाला त्याच्याकडे पाहवेना.

त्याच आठवड्यात आम्ही वही आवरायला बसलो. दृश्ये मोजली तर तेवीस निघाली! नावे काय, तर ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘सरांसाठी’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’. प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हे दृश्य कुणाच्या कुठल्या प्रश्नाला उत्तर देते? ज्याचे उत्तर मिळेना ते काढून टाकले. दृश्य काढल्याने नोंदींना धक्का लागत नाही, एवढे आता आम्ही शिकलो होतो.

सहा उरली. सर्वांत आधी ‘सर्व शब्द’: त्याला चाळणी नाही आणि त्याच्या मांडणीला कुलूप घातलेले, कारण नवखा माणूस प्रथम तेच उघडतो. मग ‘पडताळणी कशाची बाकी?’ हे शिक्षकांसाठी, ‘कोणत्या कामाचे शब्द?’ आणि ‘कोणत्या गावचे शब्द?’ ही अभ्यासकांसाठी, ‘या महिन्यात काय आले?’ हे विभागप्रमुखांसाठी, आणि ‘माझ्या नोंदी कुठे?’ हे विद्यार्थ्यांसाठी. त्यात ज्याला त्याला आपल्याच नोंदी दिसतात. नावच प्रश्नाचे असल्यामुळे कुणाला विचारत बसावे लागत नाही. दृश्य कोण सांभाळतो तेही खाली एका ओळीत लिहिले. स्वतःपुरते काही पाहायचे असेल त्याने स्वतःचे दृश्य करावे. सामाईक दृश्याची चाळणी सर्वांसाठी जतन करू नये.

आणि पुसण्याचा अधिकार एकट्याला नाही. ‘काढावी काय?’ असा एक रकाना वाढवला. ज्याला शंका येईल त्याने तिथे खूण करावी. शनिवारी दोघांनी मिळून नोंद वाचावी आणि मगच ठरवावे. शिवाय महिन्याच्या अखेरीस सगळ्या वहीची एक प्रत बाहेर काढून ठेवतो, आणि छापील कागद जुन्या चिठ्ठ्यांच्याच कपाटात जातात. तरुण मंडळी या कागदांना हसतात. हसोत बापडी!

‘वैरण’ आता दोन ओळींत सुखाने नांदते, आणि दोन्हींपुढे ‘दुबार नव्हे’ असा शेरा आहे. ज्यांनी ती पुसली होती, तो शेरा त्यांच्याच हातचा.

दिवाळीच्या तोंडावर घरोघर माळे आवरले जातात. एकासारख्या एक दोन वस्तू हाती आल्या म्हणजे त्यातली एक टाकून देण्याचा मोह आपल्याला होतोच. टाका जरूर, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा हाक मारून विचारा, की या दोन्ही एकच का?