अब्बांची डॉल्फिन

भवानी पेठेतल्या घरामागच्या शेडमध्ये अब्बांची डॉल्फिन वीस वर्षे उभी होती. त्यांच्या इंतकालनंतर भंगारवाला दोनदा येऊन गेला. इंजिनाचा आणि चाकांचा भाव त्याने केला, पण बॉडीवर टिचकी मारून म्हणाला, "ही फायबरची, हिला कोण घेणार?" आम्ही दोघे भाऊ देऊन टाकण्याच्या बेतात होतो. अडवले ते आपाने. गाडी वारशातली, तिचाही हिस्सा त्यात होता. "सही करते," ती म्हणाली, "पण अब्बांनी मला हिच्यावरच स्टिअरिंग धरायला शिकवले. एकदा चालवू द्या, मग विका."

नव्या पिढीला डॉल्फिन ठाऊक नसेल. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली ती बाजारात आणली. मूळ गाडी रिलायंट या ब्रिटिश कंपनीची 'किटन'. दोन दारे, ८४८ सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन, खाली लोखंडी चॅसी आणि वर फायबरची बॉडी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचे गिऱ्हाईक आटले. अब्बांनी मात्र डॉल्फिनच घेतली. मारुतीसाठी नंबर लावून वाट पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फायबरच्या गाडीला लोक हसत. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरचीच आहे आणि आपल्या अलिबागच्या चिंकारा मोटर्सनेही तशी रोडस्टर बनवली, हे कुणाच्या गावी नसे.

बॉडीला गंज नाही म्हणून आम्ही खूश होतो. मेकॅनिकचाचांनी गाडी वर उचलली, खाली सरकले आणि मागच्या स्प्रिंगजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. फायबरच्या गाडीची हीच फसवणूक: वरून तुकतुकीत आणि खालचे लोखंड कुजलेले. बॉडी बोल्ट खोलून पूर्ण उचलावी लागली. चौघांनी ती सहज उचलली. चॅसीचे सडलेले भाग कापून नवे पाइप वेल्ड करण्यात आमचा निम्म्याहून जास्त खर्च झाला.

बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा होत्या. एका कारागिराने वरून लांबी भरून रंग मारून दिला. महिनाभरात चिरा जशाच्या तशा वर आल्या. मग आम्हीच शिकलो. चीर घासून रुंद आणि उतरती करायची, आतल्या बाजूने मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे, ब्रशने दाबून हवा काढायची. लांबी अगदी शेवटी. किलोभर रेझिनला हार्डनर साधारण १० ते २० मिली. जास्त पडला तर डब्यातच धूर निघतो. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये, दमट हवेत ते नीट सुकत नाही.

घरोघर मुले यूट्यूब पाहून असले उद्योग करतात, म्हणून इथे जरा थांबतो. हार्डनर आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचे आणि नंतर हार्डनर घालायचा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. घासताना उडणारी काचेची धूळ तोंडावर बांधलेल्या रुमालाने अडत नाही. आमचा भाचा दोन दिवस रुमालावर भागवून खोकत बसला. त्यानंतर चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या आणि पाणी मारून घासणे, हा नियम झाला.

वायरिंगने आणखी छळले. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते, फायबरमधून वीज जात नाही. मागचे दिवे मिणमिणत होते आणि आम्ही बल्ब बदलत बसलो होतो. चाचांनी प्रत्येक दिव्यापासून चॅसीपर्यंत वेगळी वायर ओढली, तेव्हा ते लागले. सुटे भाग नाना पेठेत मिळतात ते साधे. बाकीच्यासाठी जुना बाजार आणि बंगळूरचे फोन.

कागदांत आमचीच चूक होती. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. आम्ही वर्षे घालवली. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तेही राहिलेले. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचे नाव आधीच लावता येते. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी ते आजच लावून घ्यावे.

नोंदणी नसल्याने गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती. कोंढव्यात मामूंच्या गोदामाचे आवार मोठे आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे तिथे जमलो. आपाने बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली, तिसऱ्यांदा इंजिन लागले. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला जागा नव्हती. तिने सहा फेऱ्या मारल्या, उतरून संमतीपत्रावर सही केली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. विकायचा विषय कुणी काढला नाही. हँडब्रेक अजून धरत नाही, आरटीओच्या तपासणीआधी तो नीट करायचा आहे.