नऊ मिनिटांचा बंदोबस्त

खो-खोच्या सामन्याचे वृत्त वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वाचताना सामान्य वाचकाची नजर बहुधा निकालापाशीच थांबते. परंतु ज्याला हा खेळ उमगला आहे तो प्रथम कंसातले आकडे पाहतो. खेळाडूच्या नावापुढे तेथे दोन प्रकारची नोंद असते: आक्रमणात तिने किती गडी टिपले ही एक, आणि संरक्षणात ती किती मिनिटे व किती सेकंद मैदानात टिकली ही दुसरी. पहिला आकडा प्रेक्षकांच्या टाळ्यांचा असतो. सूर मारून गडी टिपणारी मुलगी सर्वांना दिसते आणि तिचे छायाचित्रही छापून येते. दुसरा आकडा मात्र मूकपणे बसलेला असतो, आणि सामन्याचे भवितव्य पुष्कळदा त्याच्यावरच अवलंबून असते. ही मिनिटे पायांतल्या बळातून आपोआप उपजतात असा एक समज आहे, आणि तो खेळावर प्रेम करणाऱ्यांतही आढळतो. वास्तविक त्या प्रत्येक सेकंदामागे कोणा एका शिक्षकाचा विचार, आखणी आणि वर्षानुवर्षांचा सराव उभा असतो. त्या शिक्षकाच्या व्यवसायाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. धाराशिव जिल्ह्याने खो-खोला जे दिले आहे, ते ध्यानी घेता ही उणीव अधिकच जाणवते.

प्रथम खेळाची घडण पाहू. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, मधल्या पाटीवर आठ चौकोन, आणि त्या चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ आक्रमक. नववा आक्रमक पाठलाग करतो. परंतु त्याला नियमांनी जखडून टाकलेले असते: एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो किंवा बसलेल्या साथीदाराला खो द्यावा लागतो. याउलट संरक्षकाला कोठूनही कोठेही जाण्याची मोकळीक असते. त्याने बसलेल्यांना धक्का लावू नये, दोन्ही पाय मैदानाबाहेर पडू देऊ नयेत, इतकीच बंधने. एका पक्षाकडे नऊ माणसे आणि अनेक बंधने, दुसऱ्या पक्षाकडे एका वेळी केवळ तीन माणसे आणि जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य, असा हा विलक्षण तोल आहे. आणि या स्वातंत्र्याचा उपयोग बुद्धीने कसा करावा हे शिकविणे हेच संरक्षणाच्या प्रशिक्षकाचे कार्य होय.

एकेरी साखळीचेच उदाहरण घ्यावे. संध्याकाळी पाणी मारून बसविलेल्या मातीवर आठ मुली चौकोनांत बसल्या आहेत, आणि एक मुलगी त्यांच्यामधून नागमोडी धावते आहे. पाहणाऱ्याला ती केवळ चपळ वाटते. पण तिची वाट काटेकोर ठरलेली असते: प्रत्येक बसलेलीच्या पाठीकडून ती जाते, आणि चेहरे एकाआड एक उलट दिशांना असल्यामुळे पाठी धरून धावायचे म्हटले की मार्ग आपसूकच नागमोडी होतो. खो मिळालेली मुलगी ज्या बाजूला तोंड करून बसली आहे त्याच बाजूला उठू शकते, म्हणून तिच्या पाठीशी असलेला संरक्षक त्या क्षणापुरता सुरक्षित असतो. मात्र पुढच्या मुलीची पाठ नेमकी त्या उठलेलीच्या बाजूला पडते, आणि तेथे बेसावध पाऊल टाकले की खेळ संपला. म्हणून खो कानी पडताच पुढची गाठ घालावी की जागीच थबकून उलट फिरावे, याचा निर्णय एका श्वासाच्या आत करावा लागतो. प्रशिक्षक शिकवितो तो हा निर्णय. कंबर खाली, पावले आखूड, दृष्टी स्वतःच्या वाटेवर नव्हे तर आक्रमकाच्या खांद्यावर, कारण दिशा प्रथम खांदा सांगतो. हे सारे तो शेकडो वेळा म्हणवून आणि करवून घेतो, आणि एक दिवस मुलीच्या पायांना ते आपोआप येऊ लागते. मग दुहेरी साखळी, मग तीन-चार बसलेल्यांभोवती फिरत राहण्याचा गोल, मग खांबाजवळची हुलकावणी, अशी ही विद्या पायरीपायरीने चढत जाते.

व्यक्तीच्या शिक्षणाहूनही अवघड भाग तुकड्यांच्या रचनेचा आहे. पारंपरिक सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची असते, आणि नऊ संरक्षक तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. कोणाबरोबर कोण धावेल, पहिल्या तुकडीत सर्वांत कसलेले तिघे ठेवावेत की एक कसलेला आणि दोन नवखे, हे पाळीपूर्वीच ठरवावे लागते; क्रम एकदा गुणलेखकाकडे नोंदला की त्या पाळीत तो पालटता येत नाही. तिघांपैकी एकाच्या मागे आक्रमक लागला असता इतर दोघांनी दूर राहून दम खायचा असतो, पण इतके दूरही नाही की पाठलागाचा मोहरा अवचित फिरताच त्यांना वाटच उरू नये. प्रतिपक्षात सूर मारणारे कोण, खांबावर टिपणारे कोण, कोणत्या चौकोनात कोणाला बसविण्याचा त्यांचा शिरस्ता आहे, याची टिपणे जवळ बाळगून प्रशिक्षक आपली रचना करतो. डाव सुरू झाला की थांबून मसलत करण्याची सवड नसते. नऊ मिनिटांचा सारा बंदोबस्त शिट्टीपूर्वीच झालेला असावा लागतो. सामना बरोबरीत अडकून निकाल लघुत्तम आक्रमणावर गेला, म्हणजे पहिला गडी टिपायला कोणाला कमी वेळ लागला यावर जय ठरू लागला, तर एका संरक्षकाचे काही सेकंद हेच संपूर्ण संघाचे भाग्य होऊन बसते. संरक्षण हे आक्रमणाचे उरलेसुरले अंग नव्हे, हे मला येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

जगात अन्यत्र या कामाला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा लाभलेली आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (हा चेंडू हाती घेऊन धावण्याचा त्यांचा निराळा खेळ) आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि संरक्षणाचे वेगळे असतात, आणि संरक्षणाच्या फळीचा सर्व कारभार एका स्वतंत्र प्रशिक्षकाकडे सोपविलेला असतो. कर्बी स्मार्ट या गृहस्थांचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जॉर्जिया विद्यापीठाकडून स्वतः खेळल्यावर त्यांनी लहान महाविद्यालयात संरक्षणाची जबाबदारी घेतली, पुढे २००८ ते २०१५ या काळात अलाबामा विद्यापीठाच्या संरक्षणाची सूत्रे सांभाळली, नंतर जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक होऊन २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांचे राष्ट्रीय विजेतेपद त्या विद्यापीठाला मिळवून दिले. तेथील मोठ्या विद्यापीठांत संरक्षणाच्या प्रशिक्षकपदाचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरांच्या पुढे जाते. इतका पैसा आपल्या मैदानांवर यावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु ते पद असते, त्याची नेमणूक होते, त्याच्या कामाची नोंद राहते आणि त्या नोंदीवर पुढची बढती मिळते, एवढा भाग आपण अवश्य पाहावा.

आता धाराशिवकडे वळू. बालाघाटाच्या डोंगररांगांचा, अपुऱ्या पावसाचा आणि वारंवारच्या अवर्षणाचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत खो-खोला नियमबद्ध रूप दिले तेव्हा तो त्या घडामोडींपासून दूर होता. नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली तीत त्याचे नाव होते. अशा जिल्ह्यात ज्या खेळाला दोन खांब आणि सपाट मातीखेरीज काही लागत नाही तो रुजावा हे समजण्यासारखे आहे. पण रुजणे वेगळे आणि राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करण्याइतके फोफावणे वेगळे. हे दुसरे घडले त्यात प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या शिष्या सारिका काळे यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार होत्या. घरची परिस्थिती इतकी बेताची की अनेक वर्षे कुटुंबाला एक वेळच्या जेवणावर दिवस काढावे लागले, असे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. त्याच २०१६ साली आर्थिक विवंचनेने हताश होऊन त्यांनी खेळ सोडण्याचा निश्चय केला होता. जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या, आणि तोच त्यांच्या कारकिर्दीचा निर्णायक वळणबिंदू ठरला, असे जाधवांनी सांगितले आहे. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा सन्मान १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यानंतर बावीस वर्षांनी लाभत होता. प्रशिक्षकाच्या व्यवसायाचा एक मोठा भाग साखळी आणि गोल यांच्या पलीकडे, अशा एखाद्या संभाषणात असतो. मुलीच्या घरी कोण कमावते, तिला सकाळी काय खायला मिळाले, घरात लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत काय, हे ज्याला ठाऊक नाही तो या भागात संरक्षण शिकवू शकत नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. ग्रामीण मुलीची क्रीडाकारकीर्द मैदानात बाद होऊन संपण्यापेक्षा घरच्या अडचणीने संपण्याचा धोका अधिक असतो.

आणि तरीही या व्यवसायाचा रीतसर मार्ग आपल्याकडे अस्पष्टच आहे. खेळणे थांबले की बहुतेक जण शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत क्रीडाशिक्षक होतात. वेळापत्रकातले तास संपल्यावर, स्वतःच्या हौसेने, मैदानावर उभे राहतात. काही जण स्पर्धा परीक्षा देऊन वा खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून शासकीय नोकरीत जातात. खुद्द सारिका काळे तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. ही नेमणूक योग्य आणि आनंदाची आहे. पण अधिकाऱ्याचे दप्तर आणि प्रशिक्षकाचे मैदान ही दोन भिन्न कामे आहेत. शिकविणाऱ्याचा राष्ट्रीय सन्मान झालाच नाही असे नाही: गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना २००० साली खो-खोसाठी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. मात्र संघाबरोबर जाणाऱ्या मंडळींत केवळ संरक्षणाचा भार वाहणारा स्वतंत्र माणूस शालेय आणि जिल्हा पातळीवर क्वचितच दिसतो. एकाच व्यक्तीने आक्रमण, संरक्षण, प्रवासखर्चाची तजवीज आणि आजारी मुलीची देखभाल हे सारे पाहायचे, अशीच आपली रीत पडून गेली आहे.

गेल्या काही वर्षांत खेळ मात्र झपाट्याने पालटला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. माती जाऊन मॅट आली, खेळाडू सात झाले, पाळी सात मिनिटांची झाली. माझ्या मते याहून महत्त्वाचा पालट निराळा आहे: एखादी तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली की संरक्षणालाच गुण मिळू लागले. ज्याला समालोचक ड्रीम रन म्हणतात तो हाच. आजवर संरक्षकाने टिकून राहणे म्हणजे प्रतिपक्षाचे गुण वाचविणे एवढाच हिशेब होता. आता तो स्वतः गुण कमावू लागला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला, तेव्हा चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ मैदान राखले होते. सात मिनिटांच्या पाळीत पाच मिनिटे! त्या विजयी संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. राज्य स्पर्धांत धाराशिवच्या मुली सातत्याने पुढे येत असतात, त्यामुळे तिची निवड येथील मैदानांना आश्चर्याची वाटली नसावी.

संरक्षणाला गुण मिळू लागल्यावर ते शिकविणाऱ्याला पद मिळावे, ही मागणी आता अवास्तव म्हणता येणार नाही. जिल्हा क्रीडा संकुलात खो-खोसाठी दोन मार्गदर्शकांची मंजुरी असावी, एक आक्रमणाचा व एक संरक्षणाचा, आणि दुसऱ्या जागेसाठी स्वतः राज्य वा राष्ट्रीय पातळीवर संरक्षण केलेल्या स्त्री-खेळाडूंचा प्रथम विचार व्हावा, कारण येथे खेळणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणे त्यांना अधिक सहज साधेल. याहून स्वस्त आणि आजच करता येईल असे एक काम आहे. शालेय स्पर्धांतल्या प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकावर प्रत्येक संरक्षकाची मिनिटे व सेकंद लिहिलेले असतात. ती गुणपत्रके तालुकावार जुळवून जिल्हा क्रीडा कार्यालयाने जतन करावीत, म्हणजे भूम किंवा लोहाऱ्याच्या एखाद्या शाळेतली बारा वर्षांची मुलगी तीन सामने सलग दोन मिनिटांच्या वर टिकली आहे, हे निवड समितीला कोणी येऊन सांगण्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि तिला तसे टिकायला कोणी शिकविले, तेही त्याच कागदावर नावानिशी लिहिता येईल.