विटा झेलणारा जेरी राइस

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ चालतो त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. चेंडूसुद्धा वाटोळा नसून लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. आमच्या ग्रंथालयात खेळांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. ते चाळताना जेरी राइस या खेळाडूच्या माहितीत त्याच्या वडिलांचा व्यवसाय वाचला आणि तिथेच थांबलो. त्याचे वडील गवंडी होते. माझेही वडील गवंडी आहेत. या लेखाचे मूळ एवढेच. पुढचे जमेल तिथून शोधून काढले.

राइसचा जन्म १९६२ सालचा, मिसिसिपी राज्यातला. क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावाजवळ तो वाढला. उन्हाळ्यात तो वडिलांच्या हाताखाली कामावर जाई. भाऊ खालून विटा फेकीत आणि तो परांचीवर उभा राहून त्या झेली. पुढे तो मोठा खेळाडू झाल्यावर त्याच्या हातांचे रहस्य म्हणून ही हकिकत पुष्कळांनी लिहिली. हे काम मी केले आहे म्हणून सांगतो, की वीट अडवायची नसते. ती हाताला लागताच हात तिच्याबरोबर थोडे मागे न्यायचे असतात, नाही तर तळव्याची साल निघते. आणि नजर फेकणाऱ्यावर नव्हे, विटेवर ठेवायची असते. वडिलांना मी राइसची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारले, “खाली किती पडल्या?” हा प्रश्न मला पुढे उपयोगी पडला.

आता खेळाविषयी थोडे सांगतो. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. वाइड रिसीव्हर हा रांगेच्या पार कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावतो आणि फेकलेला चेंडू झेलतो. चेंडू आधी जमिनीला लागला तर तो झेल नाही. झेल घेताना कॉलेजच्या खेळात एक पाय रेषेच्या आत पडला तरी चालते, व्यावसायिक खेळात दोन्ही पाय पडावे लागतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. म्हणून रिसीव्हरच्या नावापुढे तीन आकडे मांडतात : झेल किती, यार्ड किती, टचडाउन किती.

राइसला मोठ्या विद्यापीठांनी बोलावले नाही. तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात. हे विद्यापीठ इट्टा बेना या गावाजवळ, कापसाच्या मुलखात आहे. मिसिसिपीत गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे काळ्या मुलांना बंद होते, त्या काळात, १९५० साली, ते त्यांच्यासाठी सुरू झाले. खेळाच्या दर्जाने ते दुसऱ्या फळीत मोडत असे.

१९८१ साली, पहिल्या वर्षी, त्याचे झेल ३०, यार्ड ४२८, टचडाउन २. दुसऱ्या वर्षी ६६ झेल, १,१३३ यार्ड, ७ टचडाउन. १९८३ साली १०२ झेल, १,४५० यार्ड, १४ टचडाउन. त्या वर्षी सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने २४ झेल घेतले. शेवटच्या वर्षी, १९८४ साली, १०३ झेल, १,६८२ यार्ड आणि २७ टचडाउन. बेरीज केली तर ३०१ झेल, ४,६९३ यार्ड, ५० टचडाउन. म्हणजे चार वर्षांत त्याने झेलून मिळवलेली जमीन सव्वाचार किलोमीटरांहून जास्त भरते. झेलामागे सरासरी साडेपंधरा यार्डांहून थोडी अधिक पडते. दहा यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात हे लक्षात घेतले म्हणजे या सरासरीचा अर्थ कळतो.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो शेवटच्या दोन वर्षांनी. झेल एकाने वाढला, पण टचडाउन जवळजवळ दुप्पट झाले. आधी सात झेलांत एक टचडाउन होत होता, तो चार झेलांत एक होऊ लागला. याचे सगळे श्रेय राइसला देता येत नाही. संघाचे प्रशिक्षक आर्ची कूली मोठे हिकमती होते. दोन प्रयत्नांच्या मध्ये गड्यांनी घोळका करून बेत ठरवायचा अशी रीत असते, ती त्यांनी मोडली. घोळका नाही, लगेच पुढचा चेंडू, त्यामुळे समोरच्यांना श्वास घ्यायला उसंत नाही. कधी ते चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करीत. आणि चेंडू फेकायला विली टॉटन होता. १९८४ मध्ये टॉटनने फेकलेल्या चेंडूंवर ५६ टचडाउन झाले, त्यांपैकी २७ राइसचे. त्या वर्षी संघाने सामन्यामागे सरासरी साठाहून अधिक गुण केले. केंटकी स्टेटला तर त्यांनी ८६-० असे हरवले.

इथेच शंका घेणाऱ्यांना जागा मिळते. ८६-० हरणारा संघ तो कसला, आणि त्याच्याविरुद्ध घेतलेल्या झेलांची किंमत काय? शिवाय त्याच वर्षी बाद फेरीत लुइझियाना टेकने याच संघाला ६६-१९ असे धुऊन काढले.

मागच्या सुट्टीत मी शहरात एका ठिकाणी तात्पुरत्या कामासाठी गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी माझी गुणपत्रिका पाहिली, कॉलेजचे नाव वाचले, “हे कुठे आलं?” असे विचारले आणि कागद परत दिला. गुण त्यांनी वाचलेच नाहीत. म्हणून राइसवरची शंका वाचताना मला प्रथम राग आला. पण ती शंका अगदीच खोटी नव्हती, हे मला कबूल करावे लागते. आकडा कुणासमोर मिळवला हे विचारलेच पाहिजे. फक्त ते विचारून थांबू नये, पुढे जाऊन पाहावे. आकड्यांत नसलेल्या गोष्टीही असतात. या तीन रकान्यांत खाली पडलेल्या चेंडूंचा रकानाच नाही. माझ्या वडिलांनी नेमका तोच मागितला होता.

बघणारा एक निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श १९८४ च्या ऑक्टोबरात ह्यूस्टनला एका हॉटेलात उतरले होते. तिथे रात्री दूरदर्शन संचावर त्यांनी राइसचा खेळ पाहिला. व्यावसायिक संघ दर वर्षी कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात आणि विजेत्या संघाची पाळी शेवटी येते. १९८५ साली वॉल्श यांचा संघच विजेता होता. तेव्हा त्यांनी न्यू इंग्लंडच्या संघाशी पाळीची अदलाबदल केली आणि सोळाव्या क्रमांकावर राइसला घेतले. त्याच्याआधी अल टून आणि एडी ब्राउन या दोन रिसीव्हरांची निवड झाली होती. राइस धावायला पुरेसा चपळ नाही असेही काहींचे मत होते. चाळीस यार्डांची शर्यत हे तिकडचे आवडते माप आहे. पण चेंडू हवेत असताना कोण किती वेगाने धावतो, हे त्या मापात बसत नाही.

पहिल्या वर्षी राइसच्या हातून चेंडू सुटू लागले. विटा झेलणाऱ्या हातांतून! प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तरी वर्षअखेर त्याचे ४९ झेल आणि ९२७ यार्ड झाले. दुसऱ्या फळीतून पहिल्या फळीत आल्यावर काही दिवस असे व्हायचेच, असे मी मनाशी म्हणतो. १९८७ मध्ये त्याने बारा सामन्यांत २२ टचडाउन झेलले. २००४ पर्यंत वीस हंगाम खेळून त्याने १,५४९ झेल घेतले आणि २२,८९५ यार्ड मिळवले. या दोन्ही आकड्यांच्या पुढे व्यावसायिक खेळात अजून कोणी गेलेले नाही.

इट्टा बेनाच्या मैदानाला पुढे राइस-टॉटन मैदान असे नाव दिले गेले. झेलणाऱ्याबरोबर फेकणाऱ्याचेही नाव घातले, हे मला फार आवडले. खालून वीट नीट आली नाही, तर परांचीवरचा माणूस काय करणार?