पंचेचाळीस दिवसांचा हक्क

मालेगाव, भिवंडीत ज्यांच्या घरी लूम आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. कापड विणून गेले, मजुरीचा हिशेबही झाला, पण सेठकडून रक्कम मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. इकडे विजेचे बिल थांबत नाही आणि कारागिरांचा पगारही थांबवता येत नाही. मग पैसे कर्जाने आणायचे, म्हणजे दुसऱ्याच्या उशिराची किंमत आपण भरायची.

या दुखण्यावर कायदा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत. माल मिळाल्यावर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच धरतात. ‘कापडात डाग होते’ असे तीन महिन्यांनी तोंडी सांगून भागत नाही.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. माल बनवणाऱ्यांना आणि जॉबवर्कसारखी सेवा देणाऱ्यांनाही. तयार माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती.

कायदा जुना असला तरी त्याला धार आली ती आयकरामुळे. मार्च २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्याचा करच वाढतो. कापड बाजारांतून याला विरोध झाला. नोंदणी नसलेल्याकडून माल घेऊ, असा दबावही छोट्यांवर येतो. माझ्या मते त्याला घाबरून नोंदणी टाळणे म्हणजे हातातली ढाल स्वतःच खाली ठेवणे.

पैसे अडलेच तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. आधी समेट, तो फसला तर लवाद. निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराला निकालातील रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही कायद्याने लागते, आणि इथेच आपल्यातले अनेक जण थबकतात. व्याज नको म्हणून तक्रारच करत नाहीत. पण मूळ रक्कम तर आपल्या कष्टाची आहे! समेटात केवळ मूळ रकमेवर तडजोड करता येते; व्याजाचे काय करावे, हे आपल्या आलिमांना विचारावे. ऐपत असताना देणे लांबवणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम करणारा ठरवले आहे. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत द्यायला कुरआन सांगतो, हेही खरे. पण नवी गाडी घेणारा सेठ अडचणीत आहे असे कोण म्हणेल?

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२वी, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. ती आपण पठण करतो आणि व्यवहार मात्र जबानीवर चालवतो. भाऊबंदांत तर लिहून मागणे म्हणजे अविश्वास वाटतो. कौन्सिलपुढे जबान चालत नाही. ऑर्डर, बिल आणि सही-शिक्क्याचे चलान चालते.

नोंदणीचा प्रश्नही असाच. शिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की नोंदणीचा लाभ नोंदणीनंतरच्या पुरवठ्यालाच मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी वेगळे मत मांडून हा मुद्दा तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. वकील त्यावर वाद घालतील. आपण ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करावी. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, सरकारी फी शून्य. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर उठून यावे. घरातला दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी हा फॉर्म भरू शकते.

आणि फार वाट पाहू नये. मुदतीच्या कायद्याची साधारण तीन वर्षांची मर्यादा लवादालाही लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा वहीत २०२२-२३ ची जुनी येणी असतील, तर सेठने शेवटची रक्कम कधी दिली आणि बाकी लेखी कधी मान्य केली, या दोन तारखा आधी शोधाव्यात आणि त्या घेऊनच वकिलाकडे जावे.