नावच तेवढं का उजळतं?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक दिवा हमखास दिसतो. खाली प्लायवूडचा खोका, त्यात उभी खोचलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी. बटण दाबलं की बाकी पाटी जवळपास अंधारीच राहते, तिच्यावर कोरलेलं नाव तेवढं झळकतं. असं का?

एलईडी असतात पाटीच्या खालच्या कडेला. तिथून आत शिरलेला प्रकाश पृष्ठभागावर फार तिरका आदळतो आणि बाहेर न पडता आतच परततो. पाइपातून पाणी जावं तसा वर सरकत राहतो. कोरलेल्या जागी मात्र पृष्ठभाग खडबडीत असतो. नख फिरवून पाहा, खरखर जाणवेल. तिथे प्रकाश विखुरतो आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

ही कोरणी लेझरची. दिसणाऱ्या प्रकाशाला आरपार जाऊ देणारं ॲक्रिलिक कार्बन डायऑक्साइड लेझरचे अदृश्य अवरक्त किरण मात्र शोषून घेतं. भिंगाने ते बारीकशा ठिपक्यावर एकवटले, की तेवढ्याच जागेची वाफ होते. ताकद कमी आणि वेग जास्त ठेवला तर कोरलं जातं. उलट केलं तर कापलं जातं. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात!

घरी-शाळेत हा दिवा करणार असाल, तर एलईडीला रेझिस्टर जोडा. आणि ॲक्रिलिक समजून पीव्हीसीचा तुकडा लेझर यंत्रात घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रालाही गंजवतो.